रेघ कुठं मारायची?

बी. ए.च्या मुलांना प्रादेशिक भूगोलाचा एक पेपर असतो. कॉलेजात त्याची ख्याती पाठांतराचा पेपर अशीच आहे. गाईड आणायचं, कोकण किनारपट्टी, सह्याद्री आणि पठार हे महाराष्ट्राचे तीन प्राकृतिक विभाग घोकायचे, 720 किलोमीटरचा किनारा आणि 1,646 मीटरचं कळसूबाई पेपरात उतरवायचं, की सुटलो. मी सातारा जिल्ह्यातल्या मुलांना हा विषय शिकवते. का घेतलात, असं पहिल्या तासाला विचारलं तर उत्तरं अगदी प्रामाणिक येतात. "स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो, मॅडम." "इतिहासापेक्षा कमी लिहावं लागतं." आणि मागच्या बाकावरून हळूच, "सहल असते."

सहल असतेच. आमच्याकडची फार लांब जात नाही, कारण जायची गरजच नाही. महाबळेश्वरला बसायचं, पसरणीचा घाट उतरून वाईला यायचं, तिथून सातारा, कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडी गाठायची. सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेरचा हा रस्ता. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, वाईला सात-आठशे, आणि दहिवडीला पाचशेच्या आसपास. स्ट्रॉबेरीचे वाफे मागं पडतात, ऊस आणि हळद येते, कोरेगावात घेवडा आणि आलं, मग उघडे माळ, बाजरी आणि मेंढरं. पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मुलांनी हे शब्द शाळेपासून लिहिलेले असतात, पण एका दिवसात, एकाच एस. टी.तून तो उतार पाहिलेला नसतो. पहिला अर्धा दिवस पाचगणीच्या टेबललँडवर फोटो काढण्यात जातो, त्याला माझा इलाज नाही.

खरी मजा परत आल्यावर, प्रात्यक्षिकाच्या खोलीत. तिथं सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीटं असतात, एकास पन्नास हजार प्रमाणाची, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, पिवळी शेतं, लाल रस्ते. माण तालुक्याचं शीट पसरलं, की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आमचे ओढे काळे का?" नकाशाची रीतच तशी आहे. पात्रात पाणी असेल तर निळा रंग, कोरडं असेल तर काळा. विचारणारा बहुधा तिकडचाच असतो. उत्तर ऐकून तो हसतो, पण त्या दिवसापासून शीट नीट बघायला लागतो.

मग मी त्यांना एक काम देते. ट्रेसिंग पेपर घ्या आणि माणदेशाची हद्द काढा. एवढंच. वर्गात आधी शांतता, मग हमखास प्रश्न, "गाईडमध्ये कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच पानावर नाही. माणदेश हा जिल्हाही नाही आणि तालुकाही नाही. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. 'माणदेशी माणसं' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. ते आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होतं, आणि औंध गाव आज साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात आहे. सांगली जिल्हासुद्धा 1949 साली दक्षिण सातारा म्हणून जन्मला आणि 1960 साली त्याचं आजचं नाव झालं. सरकारी रेघा धरून माणदेश सापडत नाही, एवढं मुलांना दोन तासांत कळतं.

मग जो तो आपली रेघ शोधतो. एकानं पाचशे मिलिमीटरची समपर्जन्य रेषा धरली. सोपं आणि सुटसुटीत. फक्त आकडेवारी किती वर्षांची घेतली यावर रेषा इकडची तिकडे सरकते, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो वैतागला. दुसऱ्यानं पाणलोट धरला. खटावातली येरळा दक्षिणेला जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, आणि शेजारची माणगंगा मात्र पंढरपूरच्या बाजूला भीमेकडे जाते. मधल्या डोंगररांगेवर त्यानं पेन्सिल फिरवली आणि खटावला बाहेर काढलं. खटावच्या मुली ऐकून घेणार होत्या होय! आमची भाषा तीच, आमचा दुष्काळ तोच, आम्हाला बाहेर काढणारा तू कोण? त्यांनी सोयरिकीचा नकाशा केला. आमच्या गावातल्या लेकी कुठं दिल्या आणि सुना कुठून आणल्या, हे घरोघर विचारून. पाणलोटाची रेघ त्या नकाशानं चार ठिकाणी मोडली. मला विचाराल तर तो नकाशा त्या खोलीतला सर्वांत चांगला अभ्यास होता, जरी त्याचं सुलेखन पाहवत नव्हतं.

आणि एका म्हसवडच्या मुलीनं हद्दच काढली नाही. तिनं भारताचा कोरा नकाशा घेतला आणि त्यावर ठिपके दिले. या भागातली अनेक घरं गलाई व्यवसायात आहेत, म्हणजे सोन्याचांदीचा कस काढून ते शुद्ध करण्याच्या धंद्यात, आणि त्यासाठी माणसं देशभरातल्या सराफ पेठांत विखुरलेली आहेत. तिचे काका, मामा, शेजारी जिथं जिथं गेले, तिथं ठिपका. "दिवाळी-यात्रेला ही सगळी गावाला येतात, वाडे त्यांच्याच पैशानं बांधलेत. मग त्यांना सोडून माणदेश कसा दाखवू?" ट्रेसिंग पेपर तिनं कोरा परत दिला. गुण किती द्यायचे, हा माझा प्रश्न झाला.

प्रदेशाचा अभ्यास कसा करायचा, हा वाद नवा नाही. 1939 साली हार्टशोर्न या अमेरिकी भूगोलज्ञानं सांगितलं, की प्रदेशाप्रदेशांतला फरक समजून घेणं हेच भूगोलाचं मुख्य काम. 1953 साली शेफर यांनी त्यावर कडाडून टीका केली, की नुसती वर्णनं करून शास्त्र होत नाही, नियम शोधा. त्यानंतर काही काळ विद्यापीठांतून प्रादेशिक भूगोलाकडे जुनाट म्हणूनच पाहिलं गेलं. आपल्याकडे मात्र चं. धुं. देशपांडे यांनी 1948 साली पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल लिहिला आणि 1971 साली महाराष्ट्राचा. त्यांची पुस्तकं आज ग्रंथालयात फारशी कुणी मागत नाही, गाईड मात्र फाटेपर्यंत वापरलं जातं. मला शेफर यांचं म्हणणं अर्धं पटतं. पण सोयरिकीचा नकाशा हातात आला, की तेवढं अर्धंही आठवत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. ते जर्नल उघडतात आणि विचारतात, "ही रेघ इथंच का?" तीन वर्षांत या मुलांना असा प्रश्न फारसा कुणी विचारलेला नसतो, जिथं उत्तर पुस्तकातून नाही, स्वतःच्या तर्कातून द्यायचं असतं. काही गडबडतात. पाणलोटवाला मुलगा त्या दिवशी परीक्षकांशी वीस मिनिटं भांडला आणि भलताच खुशीत बाहेर आला.

यंदाच्या मुलांपुढं वेगळीच पंचाईत आहे. उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी खटाव-माणच्या काही गावांत पोचलंय, टेंभू योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे गेलंय. जिथं मागच्या वर्गानं बाजरी दाखवली, तिथं काही शिवारांत ऊस उभा आहे. अशी गावं रेघेच्या आत ठेवायची की बाहेर, यावरून दोन गट पडलेत. एक गट म्हणतो, पीक बदललं म्हणजे प्रदेश बदलला. दुसरा म्हणतो, कालव्याचं आवर्तन एक वर्ष चुकू द्या, मग बघू. पुढच्या महिन्यात त्याच गावांत प्रश्नावली घेऊन जायचं ठरलंय, आणि कालव्याच्या पाण्याचे पैसे कोण भरतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून यादीत घातलाय.