रांगेत उभ्या प्रवाशाचं विमान

चुलते गेले तेव्हा त्यांचा मुलगा लंडनला होता. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. त्यानं लगेच मुंबईचं तिकीट विचारलं. आकडा ऐकून त्याला वाटलं, हे जाण्यायेण्याचं असेल. ते नुसतं येण्याचं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी दोन महिने आधी काढलेलं तिकीट त्याच्या तिसऱ्या हिश्शात होतं. विमान एक, डाळभात एक! आणि एवढं करून तो पोचला तो दफन झाल्यावरच.

आपण म्हणतो, कंपन्या वाढल्या की तिकीट स्वस्त होतं. होतं, पण कुणाचं? ज्याला आठवडाभर मागेपुढे चालतं, दुबईला किंवा दोह्याला चार तास बसायला हरकत नाही, त्याच्यासाठी सगळ्या कंपन्या भांडतात. ज्याला आजच, थेट जायचं आहे, त्याच्यासमोर दोन-तीनच दारं असतात. त्यातलं एक बंद झालं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 2019 च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली, मुंबई-लंडन मार्गावरच्या खुर्च्या एकदम कमी झाल्या आणि भाडी चढली.

याच्या अगदी उलट हिशेब एका माणसानं मांडला होता. फ्रेडी लेकर, इंग्रज. त्या काळी अटलांटिकवरची भाडी कंपन्या एकत्र बसून ठरवत आणि सरकारं त्यावर शिक्का मारत. लेकरनं 1971 मध्ये परवाना मागितला. सरकारनं दिला, मग काढून घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, तिथं तो जिंकला. 26 सप्टेंबर 1977 ला त्याची ‘स्कायट्रेन’ लंडनहून न्यूयॉर्कला उडाली. एका बाजूचं भाडं 59 पौंड, म्हणजे नेहमीच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी. आगाऊ आरक्षण नाही. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी रांगेत उभं राहायचं. खाण्याचे पैसे वेगळे. म्हणजे ऐनवेळी येणाऱ्यालाच स्वस्त तिकीट! मला तर हा माणूस व्यापाऱ्यापेक्षा कवीच वाटतो.

मोठ्या कंपन्यांनी लगेच आपली भाडी खाली आणली. काही वर्षं प्रवाशांची चंगळ झाली. पण लेकरनं विमानं डॉलरच्या कर्जावर घेतली होती, त्याची मिळकत बरीचशी पौंडात होती, आणि पौंड घसरला. 1979 मध्ये अमेरिकेतल्या अपघातानंतर डीसी-10 जातीची विमानं काही आठवडे जमिनीवर ठेवावी लागली, त्याचीही तीच होती. पुढं मंदी आली आणि 1981 मध्ये मोठ्या कंपन्यांनी पुन्हा भाडी कापली. फेब्रुवारी 1982 मध्ये लेकरचं दिवाळं निघालं. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमत केलं, असा दावा अमेरिकेत दाखल झाला. 1985 मध्ये तो कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटला. मधल्या काळात भाडी वर गेली होतीच.

1984 मध्ये त्याच समुद्रावर व्हर्जिन आली, स्वस्त खुर्चीही परत आली. आली नाही ती फक्त त्या दिवशीची रांग. आता एकाच विमानातल्या खुर्च्या कितीतरी दरांत विकल्या जातात. स्वस्त दर आधी संपतात. शेवटच्या दिवशी मागणारा अडलेला आहे, हे संगणकाला शिकवून ठेवलेलं असतं.

आता चाची आजारी असतात. भाऊ दर तीन महिन्यांनी येऊन जातो, तिकीट आधीच काढून.