बिल शून्य झाले, हिशेब कुठे आहे?

(श्रीरामपूर येथे जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



काल रात्री मोटर चालू करायला कोण कोण गेले होते, त्यांनी हात वर करावेत, असे आम्ही म्हणणार होतो. पण समोर बसलेल्यांचे डोळे पाहिले आणि विचारायची गरज उरली नाही. या आठवड्यात ज्यांची रात्रपाळी आहे ते इथे पेंगत आहेत. बारे मोडायला उसात शिरायचे आणि पुढे बिबट्या आहे की नाही हे बॅटरीच्या उजेडात बघायचे, हे आता आपल्या तालुक्यात नवलाचे राहिलेले नाही.

आजचा विषय सरकारी मदतीचा आहे. जुलै २०२४ मध्ये सरकारने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेचा निर्णय काढला. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षे बिल माफ. आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात शून्याचे बिल आले. आनंद झाला, आम्हालाही झाला; खोटे कशाला बोलायचे? पण मोफत विजेचा आनंद आपण यापूर्वीही भोगलेला आहे. २००४ साली आम्ही नुकतीच कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. विधानसभेच्या निवडणुकीआधी वीज मोफत झाली, शून्याची बिले वाटली गेली. निवडणूक झाली आणि २००५ मध्ये योजना गुंडाळली गेली. ते शून्याचे बिल कितीतरी घरांत अजून जपून ठेवलेले असेल.

यावेळच्या निर्णयातही तीन वर्षांनी आढावा घेऊन पुढचे ठरवायचे, असे लिहिलेले आहे. त्या आढाव्यात तुमच्या नावावर किती युनिट आणि किती रुपये मांडले जाणार, हा आमचा आजचा प्रश्न आहे. कारण ती रक्कम तुमच्या हातात येत नाही. सरकार देते महावितरणला आणि नाव होते तुमचे.

आकडे सरकारचेच घेऊ. राज्यात मार्च २०२४ अखेर ४७ लाखांवर शेतीपंपाचे ग्राहक होते. त्यातले सुमारे ४४ लाख साडेसात हॉर्सपॉवरच्या आतले. त्यांच्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपये लागतात. यातले ६,९८५ कोटी ही आधीपासून चालू असलेली दरातली सवलत आणि ७,७७५ कोटी नवी माफी. भागाकार करा. एका पंपामागे वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये. तुमच्यापैकी कोणाला तरी साडेतेहतीस हजारांची वीज मिळाली असे वाटते का?

आता युनिट पाहू. सगळे शेतीपंप मिळून वर्षाला सुमारे ३,९२० कोटी युनिट वीज वापरतात, असे त्याच निर्णयात म्हटले आहे. म्हणजे एका पंपाला सव्वाआठ हजार युनिट. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७३ किलोवॅट. आपली मोटर जुनी, दोनदा रिवायंडिंग झालेली, म्हणून ताशी साडेचार युनिट ओढते असे आपल्याच विरुद्ध धरू. सव्वाआठ हजार युनिट जाळायला तिला १,८३३ तास चालावे लागेल. थ्री फेज रोज आठ तास, तेही पूर्ण दाबाने मिळाली असे समजा. तरी २२९ दिवस सलग आठ-आठ तास मोटर चालली पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने वजा करा. भंडारदऱ्याचे आवर्तन चालू असताना कालव्याखालच्या किती विहिरींवरच्या मोटरी बंद असतात ते मोजा. डीपी जळून आठ-दहा दिवस अंधारात गेलेले दिवस मोजा. उरलेले दिवस २२९ भरतात का, ते तुम्हीच सांगा. काही पंप पाचपेक्षा मोठे आहेत, काही बारमाही उसावर आहेत, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून हा हिशेब राज्यभराच्या सरासरीचा आहे, एका गावाचा नाही. पण सरासरी इतकी फुगते तेव्हा शंका घ्यायलाच हवी. आणि ही शंका घेणारे आपण पहिले नाही. वीज नियामक आयोगानेही २०२० च्या दर आदेशात शेतीचा दाखवलेला वापर पूर्ण मान्य केला नव्हता, तो कमी करून धरला होता.

शेतीच्या नावावर जास्त युनिट चढवले की दोन गोष्टी साधतात. गळती आणि चोरी कागदावर कमी दिसते आणि अनुदानाचा आकडा मोठा होतो. मग शहरातला माणूस वर्तमानपत्र वाचून म्हणतो, या शेतकऱ्यांमुळे आमची वीज महाग झाली.

मंडळी, मदत घेण्यात लाज वाटायचे कारण नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गॅस भडकला तेव्हा इंग्लंडने कारखान्यांपासून बेकरीपर्यंत सगळ्या व्यवसायांना ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ असे सहा महिने वीज-गॅसच्या दरात सूट दिली. आपल्याकडे २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. यंत्रमागालाही मिळते. त्यांना कोणी फुकटे म्हटले नाही. फरक एवढाच की त्यांचे युनिट मीटरवर मोजलेले असतात. किती वापरले आणि किती सूट मिळाली, हे त्यांना पावतीवर दाखवता येते. आपल्याला येत नाही.

आणि इथे आपली चूक आपणच कबूल केली पाहिजे. २००३ च्या वीज कायद्याच्या ५५ व्या कलमाने मीटरशिवाय वीज देऊ नये असे सांगितले आणि त्याला दोन वर्षांची मुदत दिली. कंपनीने ते टाळले, पण आपणही मीटर नको म्हणालो. हॉर्सपॉवरवर ठोक बिल बरे वाटले. मीटर आला की बिल वाढेल ही भीती होती, आणि रीडिंग न घेता अंदाजे युनिट टाकण्याची कंपनीची रीत पाहता ती अगदीच खोटी नव्हती. आकडे टाकणारेही आपल्यातच आहेत. शेजाऱ्याच्या आकड्याने आपलीच मोटर जळते हे ठाऊक असून आपण गप्प बसतो. आम्हीसुद्धा बसलो आहोत.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: प्रत्येक शेतावर मीटर बसेल तेव्हा बसो, आधी प्रत्येक डीपीवर मीटर बसवा आणि त्याचे रीडिंग दर महिन्याला ग्रामपंचायतीत लावा. याच कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ द्यायची असते. ती मोजलेल्या युनिटवर द्यावी. न दिलेल्या विजेचे अनुदान आमच्या नावावर लिहू नये.

साडेसातच्या अटीबद्दल थोडे बोलले पाहिजे. आपला तालुका गोदावरी आणि प्रवरेच्या मधला. नदीकाठावरून वर पाणी उचलायचे तर पाच हॉर्सपॉवरने होत नाही. चार भाऊ मिळून एक दहाची मोटर आणि एक पाइपलाइन करतात, त्यांना माफी नाही. तेच चौघे वेगवेगळ्या साडेसातच्या चार मोटरी बसवतील तर चारही बिले शून्य! काटकसर करणाऱ्याला दंड, असा हा नियम आहे. सवलत पंपावर न देता खातेदारामागे ठराविक युनिटपर्यंत द्यावी, हे सरळ आहे. आणि जुनी थकबाकी या योजनेत माफ झालेली नाही, हे विसरू नका. शून्याच्या बिलावर मागची बाकी कुठे छापली आहे ती आज घरी जाऊन बघा.

सौर ऊर्जेचे थोडक्यात सांगतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून झाली. दिवसा वीज मिळत असेल तर ती आपल्याला हवीच आहे. ज्या फीडरला ती मिळाली तिथले लोक रात्री घरी झोपतात, यापेक्षा मोठी सबसिडी कोणती? फक्त जमीन भाड्याने देताना करार पूर्ण वाचून सही करा. हेक्टरी सव्वा लाख वर्षाला हा दर कागदावर आहे का, ते पाहा.

पुढची बैठक होईपर्यंत प्रत्येक गावाने एक काम करायचे आहे. एका डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून एक वही घालायची. थ्री फेज किती वाजता आली, किती वाजता गेली, दाब कमी होता का, डीपी कोणत्या तारखेला जळाला आणि कोणत्या तारखेला बदलला, आणि बदलण्यासाठी वर्गणी किती काढावी लागली. पेन्सिलने लिहिले तरी चालेल, पण रोज लिहा. वही घरातल्या शिकणाऱ्या पोरीकडे द्या, ती चुकणार नाही. आढाव्याच्या वेळी कंपनी तिचे युनिट मांडेल, तेव्हा आपल्याकडे तास असले पाहिजेत.

दहा आणि त्याच्या वरच्या हॉर्सपॉवरच्या मोटरी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी शेवटच्या बिलाची झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर देऊन मगच जेवायला बसावे.