हृदयस्नायूचा दाह : कुंपणच शेत खाते तेव्हा



हृदयविकार म्हटला की रक्तवाहिनीतली गुठळी आपल्या डोळ्यांपुढे येते. आज आम्ही बोलणार आहोत ते निराळ्या दुखण्याविषयी. यात सुजतो तो हृदयाचा स्नायूच. आणि पुष्कळदा ही हानी शरीराचे राखणदारच करतात. कुंपणाने शेत खावे, तसा हा प्रकार होय. मात्र दर वेळी चुकणारा राखणदार एकच नसतो.

प्रथम विषाणूंचे पाहू. कॉक्सॅकी ‘बी’ गटाचा विषाणू स्नायूच्या पेशीत शिरून तिचा नाश करतो. मागोमाग टी पेशी येतात व ग्रासलेल्या पेशी मारतात. बहुतेकांचा दाह शमतो. काहींच्या बाबतीत लढाई थांबतच नाही, आणि हृदय फुगून दुबळे होते.

दुसरा प्रकार संधिज्वराचा. मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी धरतो. या जंतूवरील ‘एम’ प्रथिन आणि हृदयातील मायोसिन यांत साम्य आहे. जंतूविरुद्ध निघालेली प्रतिपिंडे आणि टी पेशी त्या साम्याने फसतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी हृदयावर, विशेषतः झडपांवर, घाला पडतो.

तिसऱ्या, विरळा प्रकारात जंतू सापडत नाही. टी पेशी आपण होऊनच उठतात, भक्षक पेशी एकमेकींत मिसळून महाकाय होतात, आणि थोड्याच आठवड्यांत हृदय हात टेकते.

चौथा प्रकार औषधातून उद्भवतो. टी पेशींचा लगाम सैल करून कर्करोगाशी लढता येते, या शोधाबद्दल ॲलिसन व होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण सुटलेल्या त्या पेशी क्वचित हृदयावरही तुटून पडतात.

हा भेद केवळ विद्वानांसाठी नव्हे. महाकाय पेशींच्या दाहात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे तातडीने द्यावी लागतात. विषाणूच्या दाहात तीच सरसकट देऊन लाभ होत नाही. म्हणूनच कधी कधी हृदयाचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

निदान डॉक्टरांचे, पण पहिले पाऊल आपले. तापानंतर छातीत दुखू लागले, धाप लागली, धडधड वाढली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी बसू नये. मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. जंतूंचा संसर्ग ठरल्यास वेळेवर घेतलेले पेनिसिलिन संधिज्वर टाळते. झडप एकदा आखडली म्हणजे ती पूर्ववत करणारे औषध नाही. आजच्या व्याख्यानातून एवढे घरी नेलेत, तरी आमचे येणे सार्थकी लागले.