वाद्यवृंदांतील दुसरा खर्जवादक



ज्युबिली म्हटली कीं मिरवणूक आली, आणि मिरवणूक म्हटली कीं बँड आला. बँड ठरविण्याची वेळ आली म्हणजे खर्चाचा कागद पुढें येतो, आणि त्या कागदावरील कात्री सहज जाऊन पडते ती पाठीमागच्या रांगेंत पितळेचें भलें मोठें वाद्य अंगावर घेऊन चालणाऱ्या दुसऱ्या खर्जवादकावर. 'गाणें कॉर्नेटवर वाजतें, ठेका ढोलावर चालतो. मग खालच्या सुरांत घुमणारे दोघे कशाला? एक पुरे,' असें व्यवहारी मनुष्य म्हणतो. वरवर पाहतां त्याचें म्हणणें रास्त दिसतें. परंतु तें मान्य करण्यापूर्वीं ह्या दुसऱ्या माणसाची बाजू आपण ऐकून घ्यावी, एवढीच माझी आज विनंती आहे.

इंग्रजींत ज्यास बेस म्हणतात, त्यास आपण खर्ज म्हणूं. मनुष्याचा कान खालच्या सुरांच्या बाबतींत मंद असतो. डबलबेस ह्या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. इतका खालचा सूर मधल्या पट्टींतल्या सुराइतकाच ठळक ऐकूं यावा म्हणून त्याहून पुष्कळ अधिक जोर खर्च करावा लागतो. देवळांत भिंती आणि छप्पर तो सूर परत देतात. मूर्तिजापूरच्या स्टेशनापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर मात्र वर आभाळ आणि दोहों बाजूंस मोकळी हवा. तेथें कॉर्नेटचा आवाज बाणासारखा पुढें जातो आणि खर्ज वाटेंतच विरतो. खर्ज विरला म्हणजे गाणें ऐकूं येतें खरें, पण तें अधांतरीं लोंबकळल्यासारखें वाटतें.

दुसरें कारण श्वासाचें. मोठ्या पितळी वाद्यास वारा फार लागतो, आणि वाजविणाऱ्याला चालतां चालतां वारंवार दम घ्यावा लागतो. तो एकटा असला तर त्या क्षणीं सबंध बँडाच्या पायांखालची जमीन नाहींशी होते. दोघे असले म्हणजे एक दम घेतो तेव्हां दुसरा सूर धरून असतो, आणि ऐकणाऱ्याला खंड पडल्याचें कळतही नाहीं. इंग्लंडांतील गिरण्यांच्या आणि खाणींच्या गांवीं जे पितळी बँड नांवारूपास आले, त्यांची ठरलेली रचना सुमारें २५ पितळी वाद्यांची असते, आणि त्यांत खर्जाचीं वाद्यें चार : दोन कांहींशीं लहान, दोन त्यांहून मोठीं. काटकसरीनें राहणाऱ्या कामगारांनीं चौघांची ही रांग उगाच ठेविली नाहीं.

आपल्या वऱ्हाडच्या माणसाला हें नवें वाटूं नये. शेगांवची पालखी अकोल्यावरून पंढरपुरास जाते, तेव्हां टाळकऱ्यांच्या रांगांबरोबर मृदंगी चालतात. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात ती खर्ज मिळावा म्हणूनच. एवढ्या टाळांच्या गजरांत एकच मृदंग असता तर तो कोणाच्या कानीं पडला असता?

पण दोघांचें काम केवळ जोर वाढविण्याचें नाहीं. दोघे दोन निरनिराळीं कामें करूं लागले म्हणजे त्यांची खरी शोभा दिसते. आणि ह्याचा एक उत्तम दाखला आपल्या देउळगायनांतच आहे. गानवृंदांत साधारणतः चार आवाज असतात व त्यांत खर्जाचा एक. पालेस्त्रिना ह्या रोमच्या संगीतकारानें पोप मार्सेल्लुस ह्यांच्या नांवें जी मिस्सा रचिली आणि जी १५६७ सालीं छापून निघाली, ती मुख्यतः सहा आवाजांची आहे, व त्यांत खर्जाचे आवाज दोन आहेत. ज्या पोपचें नांव तिला मिळालें, ते दुसरे मार्सेल्लुस १५५५ सालीं अवघे तीन आठवडे गादीवर होते. त्यांच्या नांवाची मिस्सा मात्र चार शतकें उलटून गेलीं तरी गाइली जाते. दोन खर्जांमुळें पालेस्त्रिनाला सहा आवाजांचे लहान लहान गट पाडतां आले. एक गट थांबतो तोंच दुसरा बोलूं लागतो, आणि प्रत्येक गटाला स्वतःचा पाया असतो. शब्द दाटीवाटींत हरवत नाहींत. ते स्पष्ट ऐकूं येतात.

आपल्या रागदारी गायनांतही हीच युक्ति निराळ्या रूपानें आहे. मोठा गवई दोन तंबोऱ्यांच्या मध्यें बसतो. तंबोऱ्याला बहुधा चार तारा : पहिली पंचमाची किंवा रागाप्रमाणें मध्यमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि शेवटची जाड तार खर्जाची. दोन्ही तंबोरे एकाच वेळीं छेडीत नाहींत; एकाचा नाद मावळूं लागतो तोंच दुसऱ्याचा उमटतो. कधीं एक पंचमांत लावितात व दुसरा निषादांत, म्हणजे जोडी एकजीव असूनही एकमेकांची नक्कल नसते. हे तंबोरे करणारे मिरजेचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांचें काम करणारे. पंढरपूरच्या बाजूच्या भोपळ्यांपासून ते हीं वाद्यें करूं लागले, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें.

अशीच दोन खर्जांची युक्ति समुद्रापलीकडेही दिसते. अमेरिकेंत ड्यूक एलिंग्टन ह्यांनीं आपल्या प्रसिद्ध जॅझ वाद्यवृंदांत १९३५ नंतर कांहीं वर्षें दोन डबलबेसवादक ठेविले होते. पुढें जॉन कोल्ट्रेन ह्या सॅक्सोफोनवादकाला हिंदी संगीताची ओढ लागली. रविशंकरांविषयीं त्याला इतका आदर होता कीं आपल्या मुलाचें नांव त्यानें रवि ठेविलें. १९६१ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें त्यानें 'इंडिया' नांवाची रचना वाजविली, तेव्हां त्याच्यामागें रेजी वर्कमन आणि जिमी गॅरिसन असे दोन डबलबेसवादक होते. एकाच मूळ सुराभोंवतीं त्या दोघांनीं जो घुमारा उभा केला, तो ऐकून आपल्या माणसाला तंबोऱ्याचीच आठवण व्हावी.

आतां एका मुंबईकराची गोष्ट. झुबिन मेहता ह्यांचा जन्म मुंबईस १९३६ सालीं झाला. त्यांचे वडील मेहली मेहता ह्यांनीं त्याच्या आदल्याच वर्षीं बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला होता. १९५४ सालीं झुबिन व्हिएन्नास शिकण्यास गेले. तेथें वाद्यवृंदाचें संचालन शिकत असतां त्यांनीं वाद्य म्हणून घेतलें तें डबलबेस. शिवाय ते आणि पुढें स्वतःही मोठे संचालक झालेले क्लॉदिओ आब्बादो, हे दोघे तेथील गानवृंदाच्या खर्जांत उभे राहून गात. कारण तेथें उभें राहिलें म्हणजे ब्रूनो वाल्टर आणि कारायान ह्यांच्यासारखे थोर संचालक तालीम कशी घेतात हें समोरून पाहतां येई. ज्यांनीं १९६२ पासून लॉस एंजलीसचा आणि १९७८ ते १९९१ न्यूयॉर्कचा वाद्यवृंद चालविला, त्यांनीं आपली विद्या पुष्कळांतील एक खर्जवाला होऊन मिळविली. मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांत डबलबेस बहुधा आठ असतात. त्या आठांतील कोणाचेंही नांव श्रोत्यांच्या ओठीं येत नाहीं. पण आठही गप्प बसले तर प्रत्येक श्रोत्याला तें कळेल.

तथापि दुसऱ्या पक्षाचेंही बोलणें ऐकलें पाहिजे. दोन खर्जवादक सुरांत मिळालेले नसतील तर एक बरा. एकाची तार सेकंदास ४१ कंप घेत असेल आणि दुसऱ्याची ४२, तर दर सेकंदास एक हेलकावा ऐकूं येतो, आणि सर्व गाणें गढूळ होतें. दोघेही आपापल्या मनाचें वाजवूं लागले तरी तोच परिणाम. म्हणून ज्यांना दोघे ठेवावयाचे आहेत त्यांनीं तीन नियम पाळावे. दोघांनीं एकच सूर धरावयाचा असेल तर तो आधीं नीट मिळवावा आणि दम पाळीपाळीनें घ्यावा. दोघांचीं कामें निराळीं असतील तर एकानें सूर धरावा आणि दुसऱ्यानें चालावें. आणि जेथें गाणें नाजूक होईल तेथें एकानें आपण होऊन थांबावें. हा तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, कारण थांबणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना बँड शिकवावयाचा म्हटलें कीं जो तो कॉर्नेट मागतो, आणि खर्जाचें वाद्य कोपऱ्यांत धूळ खात पडतें. पालकांनीं आपल्या मुलाच्या हातीं तें जड वाद्य पाहून मनांत खट्टू होऊं नये. पैसे खरोखरच कमी पडत असतील तर तिसरा कॉर्नेट कमी करा. गाणें दोघांवर उत्तम चालेल. खर्जाचे दोघे मात्र राहूं द्या, आणि मिरवणूक संपल्यावर पाणी प्रथम त्यांना द्या. वाटभर सर्वांत अधिक श्वास त्यांनींच खर्च केलेला असतो.