मी मका आहे : टांझानियातले तीन महिने

आज पाहुणा कुणी नाही. आज मी माझ्याच फजितीबद्दल बोलणार आहे.

मी यवतमाळचा. बी.टेक. झालं, आता पुण्यात कोड लिहितो. २०२२ मध्ये एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधे तीन महिने मोकळे मिळाले आणि मी टांझानियाला मिशन इंटर्न म्हणून गेलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर म्वांझा शहर आहे, तिथून बसने आणखी अडीच तास आत एक गाव. मिशन इंटर्न म्हणजे पाद्री नव्हे हं. चर्चच्या खुर्च्या लावायच्या, संडे स्कूलची पोरं सांभाळायची, आणि 'तू कॉम्प्युटरवाला ना?' असं म्हणून ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं दुरुस्त करायचं.

आता गंमत बघा. आपल्या यवतमाळकडे मिशनरी म्हणजे बाहेरून येणारी माणसं. फ्री मेथॉडिस्ट मिशनचं वॉर्ड जोडपं १८८१ मध्ये अमेरिकेहून भारतात आलं, आणि पुढे त्या मिशनचं काम आपल्या जिल्ह्यात रुजलं. पुण्यात बिबवेवाडीला जी युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे ना, ती १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली. १९८३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं आपल्या गावात देशोदेशीची माणसं मराठीशी झटापट करत होती.

माझी आजी एका परदेशी मेमच्या बंगल्यावर कामाला होती. ही मेम नवीन आली तेव्हा तिच्या तोंडी 'द' बसत नव्हता, प्रत्येक 'द' चा 'ड' व्हायचा. पहिल्याच संध्याकाळी तिनं गड्याला सांगितलं, "मला झोपायला गाडी पाहिजे." गडी चक्रावला, पण मेमसाहेबांचा हुकूम. तासाभरात बंगल्याच्या दारात बैल जुंपलेली बंडी उभी! आजी सांगायची, "मेमले झोपाले गाडी पायजे होती, मंग आनली बंडी. वरतून त्यानं तनीस बी टाकलं, पाठीले टोचू नये म्हून." आम्ही पोरं दर वेळी लोळून हसायचो. तिची बिचारीची काय अवस्था झाली असेल, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझी भाषेची तयारी किती होती? गोव्याचे फादर थॉमस स्टीफन्स ऐकून माहीत असतील. इंग्रज माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मधे ३७ वर्षं गेली. मी यूट्यूबवर स्वाहिलीला साधारण ३७ मिनिटं दिली होती.

त्यात स्वाहिली फसवते. गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा आणि चपातीला चक्क चपाती. म्हटलं, अरे, ही तर आपलीच भाषा! आणि तिथंच घात झाला.

पहिल्या रविवारी मला पुढे बोलावलं, ओळख करून दे म्हणाले. 'मी भारतीय आहे' म्हणजे 'मिमी नी म्हिंदी'. तो सुरुवातीचा अर्धा 'म्' माझ्याच्यानं निघेना, म्हणून मी तो छान मोकळा करून टाकला. "मिमी नी महिंदी!" चर्चमध्ये एकदम शांतता. मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "कुचोमा आउ कुचेम्शा?" आणि सगळं चर्च फुटलं. पाद्रीसाहेब सुद्धा डोळे पुसत होते. महिंदी म्हणजे मका. मी म्हणालो होतो, "मी मका आहे," आणि आजोबांनी विचारलं होतं, "भाजलेला की उकडलेला?" त्या दिवसापासून गावातल्या पोरांसाठी माझं नाव महिंदी.

मग नात्यांचा घोळ. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'मामा' म्हणजे आई. मी ज्यांच्या घरी राहायचो त्या बाईंना सगळं गाव 'मामा'च म्हणायचं. एकदा संध्याकाळी माझ्या आर्णीच्या मामांचा व्हिडिओ कॉल आला. कुणी तरी विचारलं कोण, मी म्हटलं, "मामा." झालं! महिंदीच्या आईचा फोन म्हणून आठ-दहा बायका हात पुसत धावत आल्या, मोठ्या माणसाला करायचा नमस्कार एका सुरात म्हणाल्या, "शिकामू, मामा!" आणि स्क्रीनवर बनियनमधले, भरघोस मिशांचे आमचे मामा. इकडे सन्नाटा. तिकडून मामा, "काऊन बे, एवढ्या बाया कायले जमल्या? तुह्यं लगन लावून राह्यल्या का?"

इथपर्यंत हसण्यासारखंच आहे. पुढची गोष्ट मी पुण्यात मित्रांना सांगताना गाळायचो.

गावात एक छोटा दवाखाना होता. लसीकरणाला नर्स दर गुरुवारी दुपारी तीनला दुसऱ्या गावाहून यायच्या. आया तारीख विसरतात, म्हणून मी आठवणीचे एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट लिहिली. अर्ध्या दिवसाचं काम, फार हुशारी वाटली स्वतःची. नर्सच्या यादीत इंग्रजीत 'थ्री पीएम' होतं. स्वाहिलीत एएम-पीएम नसतं एवढं वाचलं होतं, म्हणून पीएम उडवलं आणि लिहिलं, 'साआ ३'. टेस्ट केलं? हो, माझ्याच फोनवर. मेसेज आला, पास.

आता, टांझानिया विषुववृत्ताजवळ. वर्षभर सूर्य साधारण सहा-सातच्या सुमारासच उगवतो, आणि तास मोजायचे ते दिवस उजाडल्यापासून. आपले सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ.

मी दोनच्या सुमाराला दवाखान्यात पोचलो, तर आंब्याखाली वीसेक आया, मांडीवर लेकरं, सकाळी नऊपासून बसलेल्या. एकीचं बाळ अडीच महिन्यांचं, रडून रडून आवाज बसलेला. ती अंधारातच घरून निघाली होती. तो भाग कापसाचा आहे, आणि आपल्याकडे जूनमध्ये पेरणी चालते तेव्हा तिथे वेचणी असते. तिनं त्या दिवसाची वेचणी पाडली होती. वेचणीचा एक दिवस पाडणं म्हणजे काय, हे यवतमाळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की चूक माझी आहे. ती मला म्हणाली, "पोले साना." म्हणजे, तुला फार त्रास झाला, वाईट वाटतंय. मला! पाच तास ती बसली होती. त्या ठिकाणी ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

रात्री झोप लागेना. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. अकराव्या ताशी आलेल्यांनाही पूर्ण रोज मिळतो आणि बाकीचे कुरकुरतात. मी लहानपणापासून समजत होतो की ते सकाळी अकराला आले, आमच्या ऑफिसातल्या लोकांसारखे. अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाच! फक्त एक तास काम. मग कुरकुर होणारच की. आणि बायबल राहू द्या, आपला 'दुपार' शब्द घ्या. दोन प्रहर. तीन-तीन तासांचे दोन प्रहर, सूर्योदयापासून सहा तास, म्हणजे बारा. बरोबर त्याच वेळी स्वाहिलीत म्हणतात, सहा वाजले. म्हणजे हे गणित माझ्या तोंडात जन्मापासून होतं. मला ते यूट्यूबनं शिकवायला हवं होतं होय?

दुरुस्ती एका ओळीची होती, तासातून सहा वजा करा. तीन पीएमचं झालं 'साआ तीसा अलासिरी', दुपारनंतरचे नऊ. आणि एक नियम मी स्वतःला घातला, की मेसेज सोडायच्या आधी घरच्या मामांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी आणखी दोन चुका काढल्या.

चार आठवड्यांनी ती बाई पुढच्या डोससाठी आली. तीनला पाच मिनिटं कमी होती. मी बाहेर खुर्च्या लावत होतो. तिनं अंगावरच्या कापडाच्या गाठीतून भाजलेलं कणीस काढलं, माझ्या हातात ठेवलं, आणि बाळाला माझ्याकडे बोट करून दाखवलं, "महिंदी."