पट्टी सर्वांची, कारागिरी ज्याची त्याची
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कापड व शिवण हा आपल्या शिंपी समाजाचा पिढीजात व्यवसाय. हातची विद्या घराबाहेर गेली की पोटावर पाय आलाच, अशी समजूत त्यात दृढमूल झालेली आहे. परदेशांतील मोठमोठ्या वस्त्रव्यवसायी कंपन्यांनी मात्र याच्या उलट मार्ग धरलेला दिसतो. त्याचा विचार आज करावयाचा आहे.

जीन पँटीस जुनाट, मऊ रूप यावे म्हणून ती शिवून झाल्यावर पुनःपुन्हा धुतात. अमेरिकेतील लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०११ साली या धुलाईतील पाणी वाचविण्याच्या युक्त्या योजिल्या : अनेक धुण्या एकत्र करणे, दगडांबरोबर घोळविताना पाणी वगळणे, ओझोन वायू वापरणे. २०१६ च्या जागतिक जलदिनी तिने अशा २१ पद्धती प्रतिस्पर्ध्यांसह सर्वांस खुल्या केल्या. त्यापूर्वी २०१० साली नाइकी कंपनीने, कपड्याच्या आराखड्यातच त्याचा निसर्गावर पडणारा भार मोजण्याचे आपले साधन खुले केले होते. पुढे अनेक कंपन्यांच्या संघटनेने २०१२ साली हिग इंडेक्स हे सामायिक माप प्रसिद्ध केले.

हा निव्वळ परोपकार काय? आम्हांस तसे वाटत नाही. हा हिशेबी व्यवहार आहे. एकच गिरणी अनेक कंपन्यांचा माल काढते. प्रत्येकीने निराळी प्रश्नावली धाडली, तर गिरणीवाल्याचा वेळ कागद भरण्यातच जावयाचा. माप एक झाले की सर्वांचाच खर्च वाचतो. शिवाय एकट्या गिऱ्हाइकासाठी गिरणी नवे यंत्र बसवीत नाही. दहा गिऱ्हाइके तीच मागणी करू लागली की बसविते. आणि जो माप ठरविण्यात पुढाकार घेतो, त्याचा शब्द पुढेही चालतो. स्वतःची घडण, नाव आणि गिऱ्हाईक यांपैकी काहीही त्याने वाटलेले नसते.

तथापि एवढ्याने सर्व साधले, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. लेव्ही स्ट्रॉसच्याच २०१५ च्या अभ्यासानुसार एका जीन पँटीच्या आयुष्यात सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागते. त्यातील ६८ टक्के कापूस पिकविण्यात व २३ टक्के गिऱ्हाइकाच्या घरच्या धुण्यात जाते. कारखान्यातील वाटा त्यामानाने लहान आहे. तसेच हिग मापाच्या आधारे केलेली जाहिरात दिशाभूल करणारी आहे, असा निर्वाळा नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ साली दिला. माप सर्वांचे झाले म्हणून ते आपोआप खरे होत नाही. त्यावर त्रयस्थाची नजर हवीच.

आपणांस यातून काय घेता येईल? इचलकरंजीच्या धुलाई-रंगाईच्या कारखान्यांकडे पाहा. एकाने पाणी कितीही शुद्ध करून सोडले, तरी शेजाऱ्याने तसेच सोडल्यास पंचगंगा मलिनच राहणार. नदी सामायिक असेल, तर तिला वाचविण्याची विद्या खाजगी ठेवून कसे चालेल?

आपल्या दुकानांत पाण्याचा प्रश्न मोठा नाही; कातरणाचा आहे. थानातील किती कापड अंगावर चढते आणि किती चिंध्या होऊन उकिरड्यावर जाते, याची मोजदाद आपणांपैकी कितीजण ठेवतात? आमची सूचना अशी की, ज्ञातिबांधवांनी वर्षभर आलेल्या कापडाचे आणि उरलेल्या कातरणाचे वजन एकाच पद्धतीने लिहावे, पुढील संमेलनात ते मांडावे, आणि ज्याचे कातरण सर्वांत कमी त्याने आपली मांडणी इतरांस दाखवावी. दर व गिऱ्हाइके ज्याची त्याने आपल्यापाशी ठेवावीत.

मापाची पट्टी आपणां सर्वांची एकच आहे, म्हणून कोणाचे दुकान आजवर बुडाले नाही. तीच पट्टी हाती घेऊनही ज्याचा कातरीचा हात उत्तम, त्याच्याच दारी गिऱ्हाईक येते. तेव्हा पट्टी वाटण्यास भिण्याचे कारण नाही, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.