दुखणं अंगावर, कर्ज घरावर

(बचत गटांच्या कार्यकर्त्या बायांच्या तालुका शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला आहे 'आरोग्य खर्च आणि दारिद्र्य'. फळ्यावर तो छान अक्षरात लिहिलाय. पण आपण एकमेकींशी बोलताना असं बोलत नाही. आपण म्हणतो, 'सासऱ्याच्या दुखण्यात अर्धा एकर गेला', 'त्याच्या अपघातानं घर बसलं'. विषय तोच आहे. सरकारी अहवालात याला खिशातून होणारा खर्च म्हणतात. आपल्यातल्या किती जणींना खिसा आहे? आपल्याकडे याला जुना शब्द आहे, पदरमोड. मी तोच वापरणार आहे.

मघाशी ताईंनी विचारलं की गेल्या वर्षात दवाखान्यासाठी ज्यांनी कर्ज काढलं त्यांनी हात वर करा, तेव्हा किती हात वर झाले ते तुम्ही पाहिलंत. आता हे नुसतं आपल्याच तालुक्यात आहे का? देशभरातल्या घरांची पाहणी सरकार स्वतः करतं. २०१७-१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी झाली, तिचा विषय आरोग्य हाच होता. बाळंतपण सोडून इतर कारणानं दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर खेड्यातल्या माणसाला खासगी दवाखान्यात सरासरी २७ हजारांच्या वर खर्च आला. सरकारी दवाखान्यात तोच चार-साडेचार हजार. खेड्यातल्या शंभरातल्या जवळजवळ ८६ माणसांना तेव्हा कुठल्याही विम्याचं किंवा योजनेचं संरक्षण नव्हतं. भरती होण्याच्या दर शंभर वेळांपैकी तेरा वेळा खेड्यातल्या घरांचा मुख्य आधार कर्ज हाच होता, आणि ऐंशी वेळा घरची मिळकत किंवा शिल्लक.

ऐंशी जणांनी घरच्या पैशातून भागवलं हे ऐकायला बरं वाटतं. पण 'घरचे पैसे' म्हणजे काय, हे पाहणी करणाऱ्या माणसाला कोण सांगणार? बियाण्याला ठेवलेले पैसे, पोरीच्या कॉलेजची फी, दिवाळीला विकायची म्हणून वाढवलेली बोकडं, हे सगळं त्या एका रकान्यात बसतं.

जरा हिशेब करू. सत्तावीस हजार सावकाराकडून शेकडा पाचनं घेतले तर महिन्याला साडेतेराशे रुपये नुसतं व्याज. वर्षाला सोळा हजार दोनशे, आणि मुद्दल जागच्या जागी. शेतमजुरी करणाऱ्या बाईला महिन्यात किती दिवस काम मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. तिचे चार-पाच रोज दर महिन्याला त्या एका आजारासाठी जातात आणि आजार तर कधीच बरा झालेला असतो.

माझ्या कामात भेटलेलं एक घर सांगते. नाव-गाव सांगणार नाही. नवरा गवंडीकाम करायचा. पायाडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. शेवटी ऑपरेशन योजनेतून फुकट झालं. कागदावर त्या घराचा खर्च शून्य. आता शेवटीच्या आधी काय झालं ते बघा. पहिला दवाखाना योजनेत नव्हता, तिथं दोन दिवस ठेवून घेतलं, अनामत भरून घेतली. दुसऱ्या गावाला न्यायला गाडी. फोटो काढले ते बाहेर. रेशनकार्डावर नाव चुकलेलं, ते दुरुस्त करायला भाऊ दोनदा तहसीलला गेला. दवाखान्यात बायकोला जवळ राहावं लागलं, म्हणजे तिचा रोज बुडाला. घरी आल्यावर चार महिने नवऱ्याला काम नाही. यातलं ऑपरेशन तेवढं योजनेनं दिलं, बाकी सगळं तिनं दिलं. आणि कोणत्या क्रमानं दिलं तेही लक्षात ठेवा. आधी तिच्या गटातलं कर्ज. मग शेळ्या, त्याही तिच्याच. मग कानातलं आणि मंगळसूत्रातलं सोनं, गळ्यात काळे मणी तेवढे राहिले. मोटारसायकल सगळ्यात शेवटी विकली, कारण 'तो बरा झाल्यावर कामाला जायला लागेल ना'. त्यात काही खोटं नाही, लागतेच. पण मला जे दिसतं ते असं, की घराची पदरमोड होते तेव्हा पहिला पदर तिचा फाटतो.

अमेरिकेत शिकवणारे अनिरुद्ध कृष्णा नावाचे एक संशोधक आहेत. राजस्थान, गुजरात, आंध्र अशा ठिकाणी खेड्यांत बसून त्यांनी लोकांनाच विचारलं, की पूर्वी बरं चाललेलं कोणतं घर आज गरीब झालं आणि कशानं झालं. त्यांचं पुस्तक २०१० साली आलं. गरिबीत घसरलेल्या घरांच्या तोंडून पुन्हा पुन्हा आलेलं मोठं कारण आजारपण आणि त्याचा खर्च. गरिबी हटवायच्या योजना आपण शेळ्या वाटून आणि शिलाई मशिनी देऊन करतो. एका दाराने शेळी येते, दुसऱ्या दारानं दवाखान्यात जाते.

आता मला ज्या गोष्टीबद्दल जास्त बोलायचं आहे तिकडे वळते. आतापर्यंत आपण झालेल्या खर्चाबद्दल बोललो. न झालेल्या खर्चाचं काय?

अभ्यासक मोजतात कसं? एक मोजपट्टी अशी आहे की घराच्या एकूण खर्चातला दहावा हिस्सा किंवा जास्त दवाखान्यात गेला, तर ते घर संकटात सापडलं असं धरायचं. मोजपट्टी वाईट नाही. पण ती घर मोजते, घरातलं माणूस मोजत नाही. ज्या बाईनं अंगावरून पांढरं जाणं पाच वर्षं अंगावर काढलं, गोळी आणली नाही, तपासलं नाही, तिच्या घराचा दवाखान्याचा खर्च किती? शून्य. त्या मोजपट्टीनं ते घर सुरक्षित आहे. तिच्या गप्प बसण्यानं ते सुरक्षित आहे, हे कुठं लिहायचं?

आणि अंगावर काढलेलं दुखणं फुकट जात नाही. ते पुढं जास्त मोठं बिल घेऊन येतं. बीडच्या ऊसतोड बायकांचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. २०१९ साली त्यावर फार गवगवा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक.

तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी अशी आली की मुकादम बायकांना पिशवी काढायला लावतात. काही ठिकाणी तो दबाव असेलही. पण नुसतं तेवढं म्हणून चालणार नाही, कारण मग मुकादमाला शिव्या घालून आपण मोकळ्या होतो. नीट बघा. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावावर. एक दिवस काम बुडालं की खाडा, त्याचा दंड. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, मार्च-एप्रिलपर्यंत फडात. कोपीत ना मोरी ना पाणी. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरायचा. ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, पाळी अंगावरून फार जाते. यातलं बरंचसं साध्या औषधानं बरं होणारं असतं. पण फडाजवळ सरकारी दवाखाना नाही, असला तर बाईडॉक्टर नाही, आणि तपासायला जायचं तर खाडा. म्हणून ती थांबते. गावी परतल्यावर खासगी डॉक्टरकडे जाते. तिथं कुणी सांगतं, 'पिशवी सडलीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबेल? त्यात तिची दोन-तीन मुलं झालेली, तिलाही वाटतं की दर महिन्याची कटकट गेली तर खाडे तरी वाचतील. पैसे? पुढच्या हंगामाची उचल. म्हणजे पुढच्या वर्षी तो ऊस तिला तोडावाच लागणार, ऑपरेशननंतर कंबर धरली असली तरी.

हे चक्र कुठून सुरू झालं ते पाहिलंत? ऑपरेशनच्या बिलापासून नाही. वेळेवर न मिळालेल्या दहा-वीस रुपयांच्या गोळ्यांपासून. आणि संपतं कुठं? कमी वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडं ठिसूळ, अंगाची लाही, म्हणजे पुन्हा औषधं. अनावश्यक गर्भाशय काढण्याबद्दल केंद्र सरकारनं घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. कागद झाला. आपल्या तालुक्यात त्याचं काय झालं, हे विचारायचं काम आपलं.

योजनांबद्दल थोडं बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही बाई नुसतं रडगाणं गाते. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढं ती सगळ्या राज्यात गेली, २०१७ साली तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. संरक्षण दीड लाखांचं होतं ते आता पाच लाखांचं आहे. यातून कितीतरी माणसं वाचली, हे मी स्वतः पाहिलंय. पण ही योजना भरती झाल्यावरची आहे, आणि ठरलेल्या आजारांची. आपली पदरमोड मात्र ठिबकणाऱ्या नळासारखी असते. साखरेची गोळी, बीपीची गोळी, पोराचा ताप, सलाईन, तपासण्या. मोठं ऑपरेशन घरात दहा वर्षांत एकदा येतं, गोळ्या रोज लागतात.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या पदरमोडीचा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता, २०२१-२२ साली तो ३९ टक्क्यांवर आला, असं सरकारचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सुधारणा आहे, नाकारायची नाही. ते कोविडचं वर्ष होतं, सरकारचा खर्च वाढलेला होता, हेही ध्यानात ठेवा. आणि त्याच वर्षी लोकांनी पदरचे घातले ते साडेतीन लाख कोटींहून जास्त. सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, तोही २०२५ पर्यंत, असं २०१७ च्या धोरणात लिहिलं होतं. २०२१-२२ साली तो दोन टक्केही नव्हता.

आता एक कडू गोष्ट. आपल्याच गटांची. आपण अभिमानानं सांगतो की आमच्या गटामुळं बाई सावकाराकडे गेली नाही, दवाखान्याला गटानं पैसे दिले. खरंच आहे, शेकडा पाचपेक्षा शेकडा दोन बरे. पण ते कर्जच आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवं होतं, त्यासाठी बायकांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये साठवायचे आणि एकमेकींना व्याजानं द्यायचे, आणि याला सक्षमीकरण म्हणायचं, हे मला पटत नाही. वरून मायक्रोफायनान्सचा माणूस दर आठवड्याला दारात. गट बंद करा असं मी म्हणत नाही. पण गटानं कर्ज देताना एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे, की हा खर्च मुळात तुझ्यावर का पडला?

त्यासाठी काय मागायचं हे माहीत पाहिजे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे. 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी टाकू नका, जपून ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत केले आहेत, मेडिकल कॉलेजं त्यात नव्हती. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना, मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथं गेलात तर समाजसेवा अधिकारी कुठं बसतात ते आधी विचारा. खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असा नियम २०२१ साली झाला. आपल्या गावातल्या किती दवाखान्यांत ती पाटी आहे? परवा बाजाराच्या दिवशी तिघीतिघींनी जाऊन बघून या. भांडायला नको, नुसतं बघून या.

शेवटचं. बाहेर टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक गटानं एक न्यायची. तीन महिने त्यात लिहायचं, कोण आजारी पडलं, कुठं नेलं, काय खर्च झाला, पैसे कुठून आणले, बाईचे किती रोज बुडाले. आणि एक रकाना मी मुद्दाम वेगळा आखलाय, 'दुखत होतं पण गेले नाही'. तो रिकामा ठेवू नका. तुमच्या सासूबाई, जावा, शेजारणी, सगळ्यांना विचारा. या वह्या गोळा करून आपण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे आणि ग्रामसभेत मांडणार आहोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरींकडून लिहून घ्यायचं. आता जेवण तयार आहे, जेवून झालं की गटागटानं बसू आणि पहिलं पान इथंच भरू.